पिल्लाच्या आतड्यातलं जन्मजात व्यंग कसं शोधायचं: एक्स-रेपासून सीटीपर्यंत

कुत्र्याचं सहा आठवड्यांचं पिल्लू टेबलावर येतं. पोट टम्म, वजन भावंडांच्या निम्मं, काही खाल्लं की थोड्या वेळात ओकतं. डोक्यात लगेच येतात ते जंत, पार्व्हो (विषाणूचा आजार), गिळलेली एखादी वस्तू, किंवा आतड्यात आतडं शिरणं. हा क्रम बरोबरच आहे, बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी निघतं. हा लेख उरलेल्या थोड्या पिल्लांसाठी आहे, ज्यांचं आतडं मुळात घडतानाच चुकलं. एक्स-रे वाचायला आणि सोनोग्राफीचा प्रोब हातात धरायला नुकतीच सुरुवात केलेले पशुवैद्यक आणि विद्यार्थी माझ्यासमोर आहेत, असं समजून लिहिते आहे.

दुर्मिळ व्यंगांची चित्रं पाठ करून ती व्यंगं सापडत नाहीत. निरोगी आतड्याची वाट जठरापासून गुदद्वारापर्यंत ज्याला न अडखळता सांगता येते, त्याला ती सापडतात. म्हणून पोटाच्या प्रत्येक तपासणीत, ती कशासाठीही असो, तीन प्रश्न विचारायची सवय लावा. वाट कुठे तुटली आहे का? कुठे जादा वाट आहे का? वाट भलतीकडून जाते आहे का?

तुटलेली वाट म्हणजे आतड्याचा एखादा तुकडा न बनणं किंवा गुदद्वार बंद असणं. जादा वाट म्हणजे ड्युप्लिकेशन, मूळ आतड्याला चिकटलेली दुसरी पिशवी किंवा नळी. गर्भात बेंबीकडे जाणाऱ्या नलिकेचा अवशेष, ज्याला मेकेलचा डायव्हर्टिक्युलम म्हणतात, तोही इथेच येतो. भलतीकडची वाट म्हणजे गर्भावस्थेतलं आतड्याचं फिरणं अर्धवट राहणं, आतडी छातीत किंवा हृदयाच्या आवरणात शिरणं, किंवा सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलट बाजूंना असणं.

पहिली पायरी: मशीनकडे जाण्याआधी

त्रास कोणत्या वयात सुरू झाला, यावरून अर्धी दिशा कळते. लहान आतड्यात वाट तुटलेली असेल तर पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांतच ओकायला लागतं आणि पोट फुगतं. गुदद्वार बंद असलेलं नर पिल्लूही काही दिवसांतच अडचणीत येतं. मादीत मात्र गुदाशयातून, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातून, योनीत जाणारा मार्ग, म्हणजे फिश्चुला, असेल तर दूध पिण्याच्या काळातली पातळ शी त्यातून बाहेर पडत राहते. घट्ट अन्न सुरू झालं की मगच कुंथणं आणि पोट फुगणं सुरू होतं. ड्युप्लिकेशन महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसू शकतं. त्यामुळे ‘कुत्रा मोठा आहे, म्हणजे जन्मजात नसणार’ हा तर्क टिकत नाही.

शेपटी उचलून पाहा. ही तपासणी फुकटची आहे आणि तरीही राहून जाते.

लहान पिल्लाला मोठ्या कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवू नका. त्याच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. अगदी कोवळ्या पिल्लाला तास-दोन तासांपेक्षा जास्त उपास नको. तपासणी लांबली तर रक्तातली साखर मोजा, सोनोग्राफीचं जेल कोमट करून घ्या, टेबलावर ऊब ठेवा. थंड पडलेल्या पिल्लाची आतडी मंदावतात आणि मग अडथळा नसताना अडथळ्यासारखं चित्र दिसतं.

दुसरी पायरी: साधा एक्स-रे, पण नीट

तीन चित्रं घ्या: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर झोपवून. दोन्ही कुशींचा आग्रह उगाच नाही. हवा वर चढते आणि द्रव खाली जातो, म्हणून डाव्या कुशीवर झोपवलं की हवा पायलोरस (जठराचं शेवटचं तोंड) आणि ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याचा पहिला भाग) येते आणि वाटेचा सुरुवातीचा भाग आयताच उजळून निघतो. उजव्या कुशीवर तोच पायलोरस द्रवाने भरून गोल चेंडूसारखा दिसतो. नवख्या डोळ्याला ती गाठ वाटते. दुसरी कूस पाहिली की शंका फिटते.

उजव्या-डाव्या बाजूचा मार्कर चित्र घेतानाच ठेवा, नंतर संगणकावर चिकटवू नका. इथे अर्धं निदान जागेवरून होतं. मार्कर चुकीच्या बाजूला पडला तर धडधाकट पिल्लाचे अवयव उलटे ठरतील, आणि खरोखर उलटे असलेले अवयव सरळ दिसतील.

पिल्लाच्या पोटाचं चित्र धूसर येतं. मोठ्या कुत्र्यात अवयवांच्या कडा आजूबाजूच्या चरबीमुळे उठून दिसतात. पिल्लात ती चरबी कमी असते आणि पोटात थोडं पाणीही असतं. पहिले काही महिने हे स्वाभाविक आहे. एवढ्यावरून पेरिटोनायटिस (पोटाच्या अस्तराचा दाह) किंवा जलोदर (पोटात पाणी साठणं) लिहू नका.

आता वाट चालायला लागा. पाठीवरच्या चित्रात ड्युओडेनम उजव्या कडेने खाली जातो, मग वळून मध्यरेषा ओलांडत डावीकडे येतो. सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची बंद पिशवी, उजवीकडे पोटाच्या मध्यावर असते. कुत्र्यात तिच्यात बहुधा हवा असते आणि ती पिळवटलेल्या स्वल्पविरामासारखी दिसते. तिथून कोलन, म्हणजे मोठ्या आतड्याचा मुख्य भाग, वर जातो, जठरामागून आडवा होतो आणि डावीकडून खाली उतरतो, एकूण आकार प्रश्नचिन्हासारखा. गर्भात आतडं मेसेंटेरिक धमनीभोवती, म्हणजे आतड्याला रक्त देणाऱ्या धमनीभोवती, साधारण २७० अंश फिरतं, त्यातून ही मांडणी तयार होते. फिरणं मध्येच थांबलं तर ड्युओडेनम मध्यरेषा ओलांडत नाही, सगळं लहान आतडं एका बाजूला आणि कोलन दुसऱ्या बाजूला गोळा होतं, सीकम भलत्याच ठिकाणी सापडतं. इथे घाई करू नका. मूत्राशय भरलेलं असेल किंवा कोलन थोडा लांब असेल तर खाली उतरणारा कोलन निरोगी कुत्र्यातही मध्यरेषेच्या उजवीकडे सरकलेला दिसतो. फक्त त्यावरून काही ठरवू नका. सीकम आणि ड्युओडेनम यांची साक्ष मला जास्त वजनदार वाटते.

मग फुगवटा मोजा. कुशीवरच्या चित्रात पाचव्या कटि-मणक्याच्या शरीराची उंची त्याच्या सर्वांत अरुंद ठिकाणी घ्या आणि लहान आतड्याच्या सर्वांत रुंद भागाला तिने भागा. १.६ पर्यंत गुणोत्तर सहसा चिंतेचं नसतं. २ च्या पुढे गेलं की अडथळ्याचा संशय बळावतो. पण आकड्यापेक्षा फुगण्याची पद्धत पाहा. वाट तुटलेली असेल तर तुटीच्या वरचं आतडं प्रचंड फुगतं आणि पुढचं बारीक दोरीसारखं राहतं, त्यात हवेचा थेंबही नसतो, कारण गिळलेली हवा तिथवर पोचलेलीच नसते.

ही तूट का होते, याचं उत्तर कुत्र्यांतूनच मिळालं आहे. १९५५ मध्ये लो आणि बर्नार्ड या शल्यविशारदांनी गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बांधून टाकला, आणि त्या जागी जन्मजात तुटीसारखीच तूट तयार झाली. हे बर्नार्ड म्हणजे १९६७ मध्ये पहिलं मानवी हृदयरोपण करणारे क्रिस्तियान बर्नार्ड. त्या कामामुळे कळलं की अशी बरीच तूट ही आतडं बनताना राहिलेली उणीव नसते. बनलेलं आतडं गर्भातच रक्ताअभावी झिजून जातं. तपासणाऱ्याला याचा अर्थ असा, की एक तूट दिसली तरी तिथे थांबायचं नाही. एकापेक्षा जास्त ठिकाणी रक्त अडलेलं असू शकतं.

चित्र बंद करण्याआधी दोन जागी नजर फिरवा. एक पाठीचा कणा. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या व्यंगांसोबत मणक्यांची व्यंगंही आढळतात. अर्धा मणका, वाकडं त्रिकास्थी किंवा अर्धवट शेपटी दिसली तर कोलनकडे पुन्हा वळा. कोलनचं नळीसारखं ड्युप्लिकेशन असेल तर पाठीवरच्या चित्रात मळाचे किंवा हवेचे दोन समांतर पट्टे दिसू शकतात. असं पिल्लू सहसा कुंथण्याची किंवा गुदाशय बाहेर येण्याची तक्रार घेऊन आलेलं असतं. दुसरी जागा छाती. हृदयाची सावली अवाजवी मोठी आणि गोल असेल, तिची कड डायफ्रॅममध्ये (छाती आणि पोट यांमधल्या पडद्यात) मिसळून गेली असेल आणि आत हवेची वेटोळी दिसत असतील, तर आतडी हृदयाच्या आवरणात आहेत. पोट रिकामं का दिसतं, याचं उत्तर मग छातीत मिळतं.

गुदद्वारच नसेल तर

या व्यंगाचे चार प्रकार मानतात. पहिल्यात द्वार आहे, पण फार अरुंद. दुसऱ्यात द्वारावर पडदा आहे आणि गुदाशय त्याच्या लगेच आत बंद होतो. तिसऱ्यात द्वार बंद आहे आणि गुदाशय बराच आत, वरच्या बाजूला संपतो. चौथ्यात द्वार आणि त्याला लागूनचा भाग व्यवस्थित आहे, पण वरून येणारा गुदाशय ओटीपोटातच बंद झाला आहे. चौथा प्रकार फसवतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, थर्मामीटरही आत जातो. मऊ कॅथेटर सरकवून पाहा. तो दरवेळी त्याच ठिकाणी अडला तर संशय घ्या.

इथे एक्स-रेला विचारायचं ते एकच: बंद टोक त्वचेपासून किती दूर आहे? शस्त्रक्रिया सोपी की अवघड, हे त्या अंतरावर अवलंबून असतं. गुदद्वाराच्या खळगीवर बेरियमचा (एक्स-रेवर पांढरं दिसणाऱ्या द्रवाचा) ठिपका लावा, पिल्लाचा मागचा भाग काही मिनिटं उंच धरा म्हणजे हवा टोकापर्यंत चढेल, आणि त्याच स्थितीत आडव्या किरणाने चित्र घ्या. ठिपका आणि हवेची कड यांच्यामधलं अंतर मोजा. टोकाशी घट्ट मळ अडकलेला असेल तर हवा तिथवर पोचत नाही आणि अंतर आहे त्याहून जास्त वाटतं. म्हणून मी त्वचेवरच प्रोब ठेवून सोनोग्राफीनेही ते मोजते. लिनियर, म्हणजे सपाट तोंडाच्या, प्रोबखाली बंद टोक आणि त्वचा यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं, शिवाय किरणांचा प्रश्नही येत नाही.

मादीत योनीतून शी येत असेल तर मऊ कॅथेटरने योनीत पातळ केलेलं आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (हेही एक्स-रेवर पांढरं दिसतं) सोडून कुशीवर झोपवून चित्र घ्या. गुदाशय भरला की फिश्चुलाची जागा कळते. नरात लघवी गुदद्वारातून येत असेल, किंवा वारंवार मूत्रसंसर्ग आणि खडे होत असतील, तर मूत्राशयातून बाहेर जाणारा मूत्रमार्ग (युरेथ्रा) आणि गुदाशय जोडलेले आहेत का ते पाहा. इंग्लिश बुलडॉगमध्ये हा दोष जास्त आढळला आहे.

तिसरी पायरी: सोनोग्राफी

सोनोग्राफी बेरियमच्या आधी करा. आतड्यात बेरियम गेलं की ध्वनिलहरी पलीकडे जात नाहीत आणि तो दिवस वाया जातो.

पिल्लासाठी उच्च वारंवारतेचा लिनियर प्रोब घ्या, १० मेगाहर्ट्झच्या वरचा मिळाला तर उत्तमच. आतड्याच्या भिंतीचे थर ओळखता येणं हा या कामाचा पाया आहे. आतून बाहेर जाताना: पोकळीलगतची पांढरी रेघ, मग म्युकोसाचा (आतल्या अस्तराचा) जाड काळा थर, सबम्युकोसाची (अस्तराखालच्या थराची) पांढरी रेघ, मस्क्युलारिसचा (स्नायूंचा) पातळ काळा थर, आणि बाहेर सिरोसाची (बाहेरच्या आवरणाची) पांढरी रेघ. काळ्या-पांढऱ्याचा हा क्रम डोळ्यात पक्का बसेपर्यंत निरोगी कुत्र्यांची आतडी पाहत राहा. लहान चणीच्या प्रौढ कुत्र्यात ड्युओडेनमची भिंत साधारण ५ मिमीपर्यंत आणि जेजुनमची (लहान आतड्याच्या मधल्या भागाची) ४ मिमीच्या आसपासपर्यंत ठीक मानतात. पिल्लात त्या याहून पातळ असतात. मेसेंटरीतल्या, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या, लसिका गाठी मात्र पिल्लात ठळक दिसतात आणि वेटोळ्यांमध्ये थोडं पाणीही असतं. दोन्ही वयाला धरून आहे.

इथेही वाट चाला. जठरापासून पायलोरस, तिथून उजव्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या कडेने ड्युओडेनम. जेजुनमचं प्रत्येक वेटोळं सलग पाहता येत नाही, म्हणून सगळं पोट आडव्या-उभ्या पट्ट्यांत झाडल्यासारखं पाहा. मग इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) आणि सीकम जिथे भेटतात ती जागा शोधा, आणि शेवटी कोलन मूत्राशयाच्या मागे जाईपर्यंत.

आतड्याला चिकटलेली द्रवाची पिशवी दिसली की खरं काम सुरू होतं. एक पाच महिन्यांची कुत्री माझ्याकडे आली होती. इलियमजवळ जाड भिंतीची, दाट द्रवाने भरलेली गोल पिशवी होती. माझ्या हातात कमी वारंवारतेचा कॉन्व्हेक्स, म्हणजे फुगीर तोंडाचा, प्रोब होता. भिंत नुसती करडी दिसली आणि मी ‘लसिका गाठीतला गळू’ असं लिहून मोकळी झाले. तीन आठवडे अँटिबायोटिक्स घेऊनही तिचं ओकणं थांबलं नाही. परत आली तेव्हा लिनियर प्रोब ठेवला, तर त्या करड्या भिंतीत आतड्यासारखे थर स्वच्छ दिसले, आणि प्रोब न हलवता थांबले तेव्हा ती भिंत आकुंचन पावली. गळू कधी आकुंचन पावत नाही. ते ड्युप्लिकेशन होतं. पहिल्याच दिवशी प्रोब बदलला असता तर त्या जिवाचे तीन आठवडे वाचले असते, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून अशा पिशवीसमोर मी ठरवून थांबते. भिंतीला थर आहेत का? निदान आतली पांढरी आणि बाहेरची काळी अशी दुहेरी रेघ तरी आहे का? ती शेजारच्या आतड्याला लागते तिथे दोघांचा स्नायूचा थर एकच आहे का, की दोन वेगळ्या भिंती एकमेकींवर नुसत्या टेकल्या आहेत? सामायिक थर फुटून दोन फाटे होताना दिसले तर तो मोठा पुरावा. पिशवी मेसेंटरीच्या बाजूला आहे की विरुद्ध बाजूला? ड्युप्लिकेशन सहसा मेसेंटरीच्या बाजूला असतं, मेकेलचा डायव्हर्टिक्युलम विरुद्ध बाजूला, लहान आतड्याच्या शेवटाकडे. आणि निदान दोन-तीन मिनिटं प्रोब स्थिर धरून हालचाल पाहा. लहान आतडं मिनिटाला साधारण एक ते तीन वेळाच आकुंचन पावतं, घाईत ते निसटतं. पिशवी फार ताणलेली असेल तर थर दबून पुसट होतात. थर दिसले नाहीत म्हणून ड्युप्लिकेशन नाही, असं मात्र म्हणू नका.

सुई घालून द्रव काढायचा मोह होतो. मी सहसा टाळते. मिळतो तो बहुधा नुसता चिकट द्रव, त्यातून निदान पक्कं होत नाही, आणि आतलं पोटात गळायची भीती राहते.

एकात एक वर्तुळं दिसली तर ते आतड्यात आतडं शिरणं आहे, पिल्लात जन्मजात व्यंगापेक्षा कितीतरी जास्त आढळणारं. पण तिथेही एक प्रश्न उरतो: आतडं शिरलं कशामुळे? पुढच्या टोकाशी एखादी छोटी पिशवी दिसते का ते पाहा. कधी कधी ड्युप्लिकेशनच आतड्याला आत ओढतं.

बेरियम: अजूनही उपयोगी, पण जपून

वाट भलतीकडून जाते आहे का, या प्रश्नाला बेरियम स्वस्तात आणि स्पष्ट उत्तर देतं. दर किलोला साधारण १० मिली पातळ मिश्रण, लगेच एक चित्र, मग १५, ३० आणि ६० मिनिटांनी, पुढे कोलनमध्ये पोचेपर्यंत दर तासाला. ओकणाऱ्या पिल्लाला जबरदस्तीने पाजलं तर ते फुफ्फुसात जातं. आतडं फुटल्याची शंका असेल तर बेरियम नकोच, नॉन-आयोनिक आयोडीन वापरा. जुन्या प्रकारचं तीव्र आयोडीन शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं, आधीच कोरड्या पडलेल्या पिल्लाला ते सोसत नाही.

तरुण कुत्र्याच्या ड्युओडेनमच्या कडेला बेरियमने भरलेले चौकोनी खळगे दिसले तर घाबरू नका. ते व्रण किंवा डायव्हर्टिक्युलम नसतात. भिंतीतल्या लसिका पेशींच्या चकत्यांवर म्युकोसा पातळ असतो, त्या निरोगी जागा आहेत.

सीटी केव्हा

ओटीपोटाच्या हाडांत लपलेला गुदाशय, कोलनचं लांबलचक ड्युप्लिकेशन, किंवा मूत्रमार्ग आणि कणा या दोघांचाही संशय असेल तेव्हा सीटी मागवा. काप १ मिमी किंवा त्याहून पातळ हवेत. पिल्लाचं आतडंच काही मिलिमीटरचं, जाड कापात ते हरवून जातं. शिरेतून दर किलोला ६०० मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे दर मिलीत ३०० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या द्रावणाचे २ मिली, हा नेहमीचा डोस. धमनी भरलेली असताना आणि आतड्यातून यकृताकडे जाणारी शीर (पोर्टल व्हेन) भरल्यावर अशा दोन टप्प्यांत चित्रं घ्या. शल्यचिकित्सकाला तुमच्याकडून नाव नको असतं, रक्तवाहिन्या हव्या असतात. ड्युप्लिकेशन आणि शेजारचं आतडं यांना रक्त एकाच फांदीतून येत असेल तर पिशवी एकटी काढता येणार नाही, सोबतचं आतडंही काढावं लागेल. हे पोट उघडण्याआधी कळलेलं बरं. थोडं थांबून पुन्हा चित्र घेतलं की तेच कॉन्ट्रास्ट मूत्राशयात उतरलेलं असतं आणि मूत्रमार्गाची जोडणीही दिसते.

भुलीचा धोका मनात ठेवा. सोनोग्राफीने प्रश्न सुटला असेल तर फक्त चित्र सुंदर यावं म्हणून एवढ्याशा पिल्लाला भूल देऊ नका.

रिपोर्ट

आधी काय दिसलं ते लिहा, मग त्याचा अर्थ. ‘इलियमच्या मेसेंटेरिक कडेला २२ मिमीची द्रवयुक्त पिशवी, भिंतीत थर, स्नायूथर सामायिक, आकुंचन दिसलं, ड्युप्लिकेशनची दाट शक्यता’ असं वाक्य शल्यचिकित्सकाच्या हाती खरी मदत देतं. शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा असतो. पिशवी पचनमार्गाला जोडलेली, भिंतीत गुळगुळीत स्नायू, आतून पचनमार्गाचं अस्तर, या तीन गोष्टी जुळल्या की ड्युप्लिकेशन म्हणायचं. म्हणून नमुना देताना पिशवी आणि आतडं यांची सामायिक भिंत अखंड ठेवून फॉर्मेलिनमध्ये द्यायला सांगा. ती कापून वेगळी केली तर नेमका पुरावाच जातो.

पिल्लाच्या मालकाला त्याच्या भावंडांबद्दल विचारा. कुणी जन्मतः गेलं का, कुणाचं वजन वाढत नाही का, ती आता कुठे आहेत. जमलं तर सगळ्यांना बोलावून घ्या आणि प्रत्येकाची शेपटी उचलून पाहा.